ट्रॅक्टरचे स्टेअरिंग जड झाले तर...

सदर : शेत आणि यंत्र



मृगाचा पाऊस झाला आणि काळ्या रानाला वापसा आला की आपल्या वाशीम जिल्ह्यात एकच घाई उडते. रिसोडपासून कारंज्यापर्यंत आणि मालेगावपासून मानोऱ्यापर्यंत सोयाबीन-तुरीची पेरणी त्या मोजक्या दिवसांत उरकायची असते. पुन्हा पाऊस आला की काळी जमीन ट्रॅक्टर आत घेत नाही आणि पावसाने ओढ दिली की ओल उडून जाते. अशा वेळी घरचा असो की भाड्याचा, ट्रॅक्टर धुऱ्यावर उभा राहणे कोणालाच परवडत नाही.

आणि नेमके तेव्हाच स्टेअरिंग जड होते. काल एका हाताने वळणारे यंत्र आज दोन्ही हातांनी ओढावे लागते. मग धावपळ करून मिस्त्री आणला जातो. त्यालाही दहा ठिकाणी जायचे असते. तो दोन मिनिटे पाहतो आणि सांगतो, "पंप गेला," नाहीतर "युनिट गेले." हंगाम तोंडावर असल्याने आपणही मान डोलावतो. नवा भाग बसतो, पैसे जातात आणि चार दिवसांनी तीच तक्रार पुन्हा उभी राहते. कारण मूळ दोष असतो तुंबलेल्या फिल्टरमध्ये, हवा धरणाऱ्या पाईपमध्ये किंवा ग्रीस न मिळालेल्या सांध्यात.

आजच्या लेखाचा सारा मथितार्थ एका वाक्यात सांगता येईल. दोष शोधताना बाहेरून आत जावे आणि स्वस्ताकडून महागाकडे जावे. चाके, सांधे, तेल, फिल्टर, हवा, पाईप एवढे पाहून झाल्यावरच पंपाचे आणि युनिटचे नाव काढावे. यातील पहिल्या बऱ्याच गोष्टी घरच्या घरी पाहता येतात.

आपले स्टेअरिंग कोणत्या जातीचे?

१९६३ साली मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली. त्या काळचे बी-२७५ सारखे ट्रॅक्टर ज्यांनी चालवले, त्यांना जुन्या स्टेअरिंगची ओळख आहे. खाली दात्यांची पेटी, पेटीतून निघालेला दांडा, दांड्यापुढे चाके. चालकाच्या मनगटात होता तेवढाच जोर चाकांना मिळायचा. नांगरटीच्या ढेकळांतून दिवसभर गाडी हाकली की रात्री खांदे भरून येत.

पुढे तेलाच्या दाबाची मदत आली. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२० च्या दशकात हे तंत्र मोटारींसाठी तयार केले आणि १९५१ मध्ये क्रायसलर कंपनीने ते विकाऊ गाडीत आणले. शेतीच्या यंत्रांसाठी मात्र त्याच्याही पुढची पायरी गाठली गेली. हाताचे स्टेअरिंग आणि पुढची चाके यांच्यामधला लोखंडी दांडाच काढून टाकला आणि त्याच्या जागी तेल ठेवले. आज 'पॉवर स्टेअरिंग' म्हणून जे ट्रॅक्टर विकले जातात, त्यांतील बहुतेकांत ही पूर्ण तेलावरची पद्धत असते.

म्हणून पहिले काम हे की, आपल्या ट्रॅक्टरवर कोणती जात आहे ते पुस्तिकेत पाहून घ्यावे. जुनी दांड्याची, दांडा असूनही तेलाची मदत घेणारी, की पूर्ण तेलाची? खाली जे सांगितले आहे ते मुख्यतः तिसऱ्या जातीसाठी आहे. चाके व सांधे यांची तपासणी मात्र तिन्हींना सारखीच लागू आहे.

तेल चाके कशी वळवते?

इंजिनवर चालणारा एक पंप टाकीतून तेल ओढतो आणि दाबाने पुढे ढकलतो. हे तेल स्टेअरिंगच्या दांड्याखाली बसवलेल्या डब्यासारख्या भागात येते. त्यालाच मिस्त्री मंडळी 'युनिट' म्हणतात. युनिटच्या पोटात सहा दात्यांचा एक तारा सात खाचांच्या कड्यात फिरत असतो. आपण स्टेअरिंग जेवढे फिरवू तेवढेच तेल हा तारा मोजून पुढे देतो. जणू दूधवाल्याचे मापच. मोजलेले तेल पुढच्या आसावरील सिलिंडरच्या एका बाजूला जाते, दट्ट्या सरकतो आणि चाके वळतात. दुसऱ्या बाजूचे तेल परत टाकीत येते.

वाटेत एक दाबाची झडप असते, तिला रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात. चाक दगडाला अडले किंवा वळण संपले तरी आपण स्टेअरिंग रेटत राहिलो, तर वाढलेला दाब ही झडप टाकीकडे सोडून देते. ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगमधील हा दाब साधारण शंभर बार किंवा त्याहून अधिक असतो. पुढच्या टायरमधील हवेचा दाब दोन बारच्या आसपास असतो हे लक्षात घेतले, म्हणजे या तेलाची ताकद कळेल.

आणखी एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इंजिन बंद पडले तरी स्टेअरिंग पूर्ण सुटत नाही. हाताने फिरवले की तोच तारा हातपंपासारखा काम करतो आणि चाके हळूहळू वळतात. पण त्याला जोर फार लागतो. यातला धोका पुढे सांगितला आहे.

पाना हाती घेण्याआधी

वैद्य नाडी पाहण्याआधी चार प्रश्न विचारतो. आपणही ट्रॅक्टर चालवणाऱ्याला, मग तो मुलगा असो, भाऊ असो की सालदार असो, हे प्रश्न विचारावेत.

स्टेअरिंग दोन्ही बाजूंना जड आहे की एकाच बाजूला? सकाळी थंड असताना जड असते की काम करून तापल्यावर? इंजिनचा वेग वाढवला की हलके होते का? हळू वळवले तर हलके आणि झटकन वळवले तर जड, असे होते का? त्रास हळूहळू वाढला की एकाएकी सुरू झाला? अलीकडे तेल, टायर, पाईप किंवा चाकांची रुंदी यांपैकी काही बदलले होते का?

या उत्तरांतच निम्मे निदान असते. ती कागदावर लिहून मिस्त्रीच्या हाती दिली, तर त्याचाही वेळ वाचतो आणि 'अंदाजपंचे' काम होत नाही.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी, चाके. पुढच्या दोन्ही टायरांची हवा मोजून घ्यावी. हवा कमी असली की टायर जमिनीवर पसरतो आणि वळताना घासतो. आपल्या रानात तुरीचे आणि पऱ्हाटीचे तासलेले खुंट टायरला भाल्यासारखे लागतात आणि हवा हळूहळू जाते, ती डोळ्यांना दिसत नाही. पुढे लोडर किंवा जास्तीची वजने लावली असतील तर तीही ध्यानात घ्यावीत.

दुसरी पायरी, सांधे. टाय रॉडची टोके, किंग पिन, बुश आणि आसाच्या मधली पिन यांना ग्रीस पोचते का ते पाहावे. ग्रीस गन दाबली म्हणजे ग्रीस गेले असे नव्हे. निपल मातीने बुजलेले असेल तर ग्रीस बाहेरच्या बाहेर ओघळते. जुने काळे ग्रीस सांध्यातून बाहेर येईपर्यंत नवे भरावे. काळ्या मातीचा चिखल किंग पिनच्या बुशात शिरून वाळला, की तो सिमेंटसारखा धरून बसतो.

तिसरी पायरी, तेल. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, अवजार खाली टेकवावे आणि टाकीतील तेलाची पातळी पाहावी. काही ट्रॅक्टरांत स्टेअरिंगची टाकी वेगळी असते, काहींत लिफ्टचे आणि स्टेअरिंगचे तेल एकच असते. तेल एकच असेल आणि लिफ्टही संथ झाली असेल, तर संशय आधी तेलावर व सामाईक फिल्टरवर घ्यावा. लिफ्ट ठणठणीत आणि फक्त स्टेअरिंग जड, तर दोष स्टेअरिंगच्याच वाटेत आहे.

तेलाचा रंगही बोलतो. दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी गेले. फेस येत असेल तर हवा शिरते आहे. काळे पडून जळका वास येत असेल तर ते फार तापले आहे. बोटांना चकचकीत कण लागले तर कुठलातरी भाग झिजतो आहे. अशा वेळी तेल बदलून भागत नाही, झीज शोधावीच लागते.

चौथी पायरी, फिल्टर. तुंबलेल्या फिल्टरमुळे पंपाला तेल पुरत नाही आणि तो आवाज करू लागतो. कागदी फिल्टर डिझेलने धुऊन पुन्हा बसवू नये, तो बदलावाच. टाकी उघडण्यापूर्वी झाकणाभोवतीची माती पुसून काढावी. पुसायला कापसाचा बोळा मात्र वापरू नये. कापूस आपल्याकडे घरचा असतो हे खरे, पण त्याचा एक धागा झडपेत अडकला तर सारा खटाटोप वाया जातो. धुतलेले, धागे न सुटणारे फडके वापरावे.

पाचवी पायरी, पाईप आणि जोड. पंपापासून सिलिंडरपर्यंत प्रत्येक पाईप नजरेखालून घालावा. कुठे ओलसर धूळ चिकटली आहे, कुठे रबर फुगले आहे, कुठे पाईप आसाला घासतो आहे, कुठे चिमटला आहे, ते पाहावे. टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या ओढीच्या पाईपकडे विशेष लक्ष द्यावे. त्याचा पट्टा सैल असेल तर तेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. खाली थेंब पडत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि इकडे पंप हवा धरत असतो.

लक्षणांवरून निदान

दोन्ही बाजूंना जड, पण इंजिनचा वेग वाढवला की हलके : पंपातून तेल कमी येत आहे. तेलाची पातळी, फिल्टर आणि ओढीचा पाईप आधी पाहावा. ते ठीक असतील तर पंप झिजला असावा. पंप पट्ट्यावर चालणारा असेल तर पट्टा सैल आहे का ते पाहावे.

वेग कितीही वाढवला तरी जड : पुढचा आस जॅकवर उचलून, खाली भक्कम लाकडी ठोकळे देऊन स्टेअरिंग फिरवून पाहावे. चाके अधांतरी असतानाही जड असेल तर बहुधा एखादा सांधा किंवा किंग पिन धरला आहे, अथवा स्टेअरिंगचा दांडाच आत घासतो आहे. अधांतरी हलके आणि जमिनीवर जड असेल तर चाकांवर भार जास्त आहे किंवा तेलाचा दाब कमी आहे. दाबाच्या झडपेत कचरा अडकला किंवा तिची स्प्रिंग दमली तरी असेच होते.

हळू वळवले तर हलके, झटकन वळवले तर जड : तेल पुरेशा प्रमाणात पोचत नाही. फिल्टर व पंप पाहावा. रब्बीच्या दिवसांत पहाटे तेल घट्ट असताना थोडा वेळ असे होणे दोष नव्हे. इंजिन काही मिनिटे संथ चालू ठेवले की फरक पडतो.

एकाच बाजूला जड : त्या बाजूचा पाईप चिमटलेला आहे का, सिलिंडरचा दांडा वाकला आहे का, की किंग पिन धरली आहे, हे पाहावे. धुऱ्यावरील दगडाला चाक आपटल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर दांड्याची शंका आधी घ्यावी.

हिसके बसतात, पंप शीळ घालतो, तेलाला फेस येतो : हवा शिरली आहे. ती काढण्याची रीत खाली दिली आहे.

सरळ धरले तरी चाके एका अंगाला सरकतात : सिलिंडरच्या आतले सील गेले असावे किंवा युनिट आतून झिजले असावे. यात तेल बाहेर गळत नाही, आतल्या आत एका बाजूचे दुसऱ्या बाजूला जाते. रुंद वरंबा-सरी यंत्राने सोयाबीन पेरताना ओळी नागमोडी पडू लागल्या, तर दर वेळी चालकाच्या हातालाच दोष देऊ नये, याकडेही पाहावे.

स्टेअरिंग चार बोटे हलते, पण चाके हलत नाहीत : टाय रॉडची टोके झिजली आहेत किंवा सिलिंडरच्या पिना सैल झाल्या आहेत. एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून कोणता सांधा आधी नुसताच हलतो ते पाहावे. घरातील दोन माणसांचे पाच मिनिटांचे काम आहे.

स्टेअरिंग फिरतच राहते, चाके ढिम्म : तेल संपले, पाईप फुटला किंवा दांड्याचे दाते गेले. गाडी जागीच उभी करावी. 'हळूहळू घरापर्यंत नेऊ' हा विचारसुद्धा करू नये.

हवा काढण्याची रीत

पाईप, फिल्टर किंवा तेल बदलल्यावर हवा काढणे आवश्यक असते. आधी टाकीत पातळीइतके तेल भरावे. मागच्या चाकांना दगड किंवा उटी लावून, हँडब्रेक ओढून पुढचा आस जॅकने उचलावा आणि ठोकळ्यांवर टेकवावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नये. इंजिन अगदी संथ चालू करावे आणि स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावे. असे आठदहा वेळा करावे. टोकाला नेऊन दाबून धरू नये. मधूनमधून इंजिन बंद करून तेल पाहावे आणि कमी झाले असेल तर भरावे. फेस जाईपर्यंत आणि पंपाचा आवाज बसेपर्यंत हे करावे. एवढे करूनही दुसऱ्या दिवशी फेस आलाच, तर हवा अजून कुठून तरी शिरते आहे. ती वाट बंद केल्यावाचून इलाज नाही.

मिस्त्रीकडून काय करून घ्यावे

इथवर दोष सापडला नाही तर जाणकार मिस्त्री बोलवावा. पण तेव्हाही दोन कसोट्यांचा आग्रह धरावा.

पहिली कसोटी दाबमापकाची. वाटेत गेज लावून, तेल तापल्यावर, स्टेअरिंग क्षणभर टोकाला नेऊन दाब पाहतात. पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतका दाब आला, तर पंप आणि झडप ठीक आहेत. मग नवा पंप कशासाठी घ्यायचा? दाब कमी आला, तर आधी झडप साफ करून पुन्हा मोजावा. तरीही कमीच असेल तेव्हा पंपाकडे वळावे. गेज न लावता पंप बदलणे म्हणजे ताप न मोजता सुई टोचण्यासारखे आहे.

दुसरी कसोटी सिलिंडरची. चाके एका टोकाला नेऊन इंजिन बंद करतात, दाब उतरवतात आणि सिलिंडरच्या रिकाम्या झालेल्या बाजूचा पाईप सोडून त्या पाईपचे तोंड नीट बंद करतात. मग इंजिन संथ चालू करून स्टेअरिंग त्याच टोकाकडे हलके रेटतात. सिलिंडरच्या उघड्या तोंडातून तेलाची धार वाहतच राहिली, तर आतले सील फाटले आहे. धार आली नाही, तर सिलिंडर निर्दोष आणि संशय युनिटवर. हे काम जाणत्यानेच करावे आणि इतरांनी लांब उभे राहावे. सिलिंडरच्या सीलचा संच आणि नवे युनिट यांच्या किमतीत कित्येक पटींचे अंतर असते. ही एक कसोटी ते अंतर वाचवते.

युनिट मात्र शेतात, धुरळ्यात किंवा वाऱ्यात उघडू देऊ नये. त्याचे आतले भाग केसाहून बारीक फटीने एकमेकांत बसलेले असतात. शिवाय तारा आणि त्याला फिरवणारा दांडा यांचा मेळ खुणेप्रमाणे जमवावा लागतो. तो एक दाता जरी चुकला, तरी इंजिन सुरू होताच स्टेअरिंग आपोआप गरगरा फिरू लागते आणि बोटे किंवा मनगट मोडू शकते. म्हणून दुरुस्तीनंतर पहिल्यांदा इंजिन चालू करताना स्टेअरिंगच्या आऱ्यांमध्ये हात घालू नये. डाव्या-उजव्या पाईपांची अदलाबदल झाली तर चाके उलट वळतात. म्हणून पाईप काढण्याआधीच रंगीत दोरा बांधून खूण करावी.

काही ठिकाणी एक सोपा उपाय सुचवला जातो. दाबाच्या झडपेच्या स्प्रिंगखाली एक वॉशर टाकायचा, की दाब वाढून स्टेअरिंग हलके होते. हा उपाय मुळीच करू देऊ नये. वाढलेल्या दाबाने आज स्टेअरिंग हलके होईल आणि उद्या रस्त्यात पाईप फुटेल.

जिवाशी खेळ नको

पैशाचा प्रश्न झाला, आता जिवाचा. शेतात स्टेअरिंगने दगा दिला तर एखादी ओळ मोडेल. पण मागे सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली आहे, समोरून एस. टी. येते आहे आणि रस्ता वाशीम-हिंगोलीचा आहे, अशा वेळी दगा दिला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे लग्नाला आणि यात्रेला माणसेही ट्रॉलीत बसवून नेली जातात. ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही, हे एरवीही खरे आहे. स्टेअरिंगची तक्रार असलेल्या ट्रॅक्टरमागे तर ती जोडूच नये.

उतारावर डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करण्याची काहींना सवय असते. वर सांगितल्याप्रमाणे इंजिन थांबले की पंप थांबतो आणि स्टेअरिंग एकाएकी जड होते. पातूरच्या घाटासारख्या वळणावळणाच्या रस्त्यावर ही बचत कोणत्याही भावाने महागच पडेल. उतारावर गाडी गिअरमध्ये आणि इंजिन चालूच असले पाहिजे.

तिसरा धोका फारसा कोणाला ठाऊक नसतो. गळती शोधण्यासाठी पाईपवरून हात कधीही फिरवू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाने येणारे तेल डोळ्यांना दिसतही नाही, पण ते कातडीच्या आत घुसते. वरून फक्त टोचल्यासारखी खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. आत मात्र तेल पसरून मांस सडू लागते आणि वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. गळती पाहायची तर पुठ्ठ्याचा तुकडा पाईपजवळ धरावा, त्यावर डाग उमटतो. चुकून तेल आत गेलेच, तर हळद लावून घरी बसू नये. त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात जावे आणि "दाबाचे तेल कातडीत शिरले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

वर्षभराची निगा

दर हंगामाच्या सुरुवातीला तेलाची पातळी, पाईप आणि सांधे पाहावेत. तेल आणि फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या तासांप्रमाणे बदलावेत. तेल पुस्तिकेत सांगितले आहे तेच घालावे. हाताशी आहे म्हणून इंजिनचे तेल किंवा दुसऱ्याच जातीचे तेल त्यात मिसळू नये, त्याने सील फुगतात किंवा फेस येतो. ट्रॅक्टर धुताना टाकीच्या झाकणावर पाण्याची जोराची धार मारू नये. उभ्या ट्रॅक्टरची चाके जागच्या जागी वळवण्याची सवय टाळावी, गाडी थोडी सरकती ठेवून वळवावी. वळण टोकाला गेल्यावर स्टेअरिंग रेटून धरू नये, त्याने तेल विनाकारण तापते. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर चिखल वाळू देऊ नये, तोच चिखल सील कापतो. ओळींच्या अंतरासाठी पुढच्या चाकांची रुंदी बदलली तर टाय रॉड आणि सिलिंडरचे टोकही पुस्तिकेप्रमाणे पुन्हा जुळवावे.

घरात एक वही ठेवावी. इंजिनचे तास, तेल बदलल्याची तारीख, कोणता भाग घातला आणि त्याची पावती, एवढे त्यात असावे. गृहिणी किंवा शाळेत जाणारी मुले हे काम उत्तम करतात. पुढे तक्रार उद्भवली की ही वही मिस्त्रीपेक्षा जास्त सांगते आणि हमीच्या मुदतीत तर ती पैसेच मिळवून देते.

ज्यांना हे सारे हाताने शिकायचे असेल त्यांनी मध्य प्रदेशातील बुदनीच्या केंद्रीय संस्थेची चौकशी करावी. ट्रॅक्टरच्या चाचण्या घेणारी ही संस्था शेतकऱ्यांना प्रशिक्षणही देते. घरातील एका मुलाला तिथे धाडले तर साऱ्या गावाचा फायदा होईल.

नेहमीच्या दोन शंका

'जीपचे स्टेअरिंग वळण संपल्यावर आपोआप सरळ होते, ट्रॅक्टरचे होत नाही. बिघाड समजावा का?' नाही. जीपमध्ये चाकांचा रेटा दांड्यातून हातापर्यंत येतो. ट्रॅक्टरच्या तेलावरील स्टेअरिंगमध्ये मध्ये दांडाच नसतो आणि युनिट सिलिंडरचे तेल अडवून धरते. म्हणून ते हातानेच सरळ करावे लागते. जीपवरून ट्रॅक्टरवर येणाऱ्या नव्या चालकाला हे आधी सांगून ठेवावे.

'सकाळी सरळ चालताना स्टेअरिंगची मूठ वर होती, संध्याकाळी ती बाजूला गेली. हे कसे?' थोडे तेल आतून सरकत असल्याने दिवसभरात मूठ थोडी जागा बदलते, ते स्वाभाविक आहे. मात्र एकाच ओळीत चालताना मूठ सारखी फिरवत राहावी लागत असेल, तर वर सांगितलेली सिलिंडरची कसोटी करून घ्यावी.

बंधूंनो, बैल आजारी पडला तर आपण आधी त्याच्या दावणीत, चाऱ्यात आणि पाण्यात काय बिघडले ते पाहतो, एकदम त्याला बाजार दाखवत नाही. ट्रॅक्टरलाही तोच न्याय लावावा. आधी चाक, मग सांधा, मग तेल, फिल्टर, हवा आणि पाईप, आणि सर्वांत शेवटी पंप व युनिट. हा क्रम एका पुठ्ठ्यावर लिहून ट्रॅक्टरच्या शेडमध्ये टांगून ठेवावा. मृगापूर्वी एक सकाळ त्यासाठी दिली, तर वापशाचा दिवस हातचा जाणार नाही.

पुढील अंकी : ट्रॅक्टरची लिफ्ट अवजार धरून का ठेवत नाही?